तिसऱ्या क्रमांकाची डिस्क

पहाटे अडीचला, क्लाक्सविकच्या बंदरात,
मासळी-लिलावाच्या हॉलवरच्या खोलीत
एक हिरवा दिवा पिवळा झाला.
कुणी पाहिलं नाही. खाली कॉडची खोकी रचली जात होती,
बाहेर धुकं होतं, म्हणजे नेहमीचंच होतं.

सकाळी मी उलट्या खोक्यावर बसलो तेव्हा
तिसऱ्या क्रमांकाची डिस्क थंडगार होती.
उरलेल्या तिघी तिच्या वाटणीचं ओझं उचलून
धापा टाकत लिलाव चालवत होत्या.

सीमुन हिशेबनीस दारात उभा. "आकडे गेले?"
नाही गेले. हे बघ, म्हटलं,
दोन होड्या आल्या, सात खोकी नि चार खोकी,
पाटीवर बेरीज अकरा.
सातवर कुणी ओला हात फिरवला
तर अकरातून चार वजा कर,
सात जिथल्या तिथे.
कंट्रोलर रात्रंदिवस एवढंच करतो,
फक्त बेरीज एकाच पाटीवर ठेवत नाही.

तो हसला नाही.
चार वर्षांपूर्वी कोटेशनवर त्यानेच रेघ मारली होती
पाचव्या, राखीव डिस्कवर:
"रिकामी बसून पगार खाणारी कशाला?"
आरशासारख्या जोड्यांवरही रेघ,
कारण त्यात निम्मी जागा नुसती पुनरुक्ती.
मी तेव्हा गप्प बसलो.
ते गप्प बसणं कुठल्याच लॉगमध्ये नाही.

नवी डिस्क सरकवली. पुनर्बांधणी सुरू: शून्य टक्के.

वाट बघताना मला कार्डावरची बॅटरी आवडते,
काडेपेटीएवढी.
वीज गेली की डिस्कवर न पोचलेले शब्द
ती तळहातावर धरून बसते,
तीन दिवस, अंधारात,
कुणीतरी परत दिवा लावेल या बोलीवर.
ती फुगली, म्हातारी झाली
की कंट्रोलर कुणाचाच शब्द तोंडी मानत नाही.
प्रत्येक अक्षर आधी लिही, मग पुढे बोल.
सगळं मंदावतं.
खालून लोक ओरडतात.

एकेचाळीस टक्के. कॉफी. सत्तावन्न.
या चौघी एका दिवशी, एका खोक्यातून आल्या,
लागोपाठचे क्रमांक, एकाच वयाच्या.
एक दमली म्हणजे बाकीच्या काय ताज्या?
हे मी सीमुनला सांगितलं नाही.

ब्याण्णवला पहिली अडखळली.
मेली नाही. एक घास तिला गिळता आला नाही,
एवढाच.
पण बेरजेतून वजा करायलाच आकडा नव्हता,
म्हणून तिथे भोक पडलं.
भोक तसंच ठेवून कंट्रोलर पुढे गेला.
शंभर टक्के. चारही दिवे हिरवे.
हिरव्या दिव्यांवर माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

रानवा शुक्रवारची टेप घेऊन आली.
दर शुक्रवारी ती टेप लोकरीच्या मोज्यात घालून
समुद्राखालच्या बोगद्यातून घरी नेते,
लेयर्विकला, बटाट्यांशेजारी ठेवते.
इमारत जळाली तरी बटाट्यांशेजारी कुणी जात नाही, म्हणते.
टेपवर सगळं होतं, शुक्रवारपर्यंतचं.
भोक सोमवारचं होतं.

एक ओळ. एक होडी. हानुस, वय एकोणऐंशी,
एकटाच जातो, दोरी टाकून पकडतो.

रानवाने फोन लावला.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
मग खुर्ची सरकली, खण उघडला,
पानं उलटल्याचा आवाज.
"सोमवारी? एकशे बारा किलो.
आणि एक मोठा हॅलिबट मी घरी नेला,
तो लिहू नका."

आम्ही लिहिला नाही.
एकशे बारा भरलं, सीमुनने सही केली,
आणि मागच्या कोटेशनची प्रत मागितली,
पाचव्या डिस्कची.

मी खाली उतरलो.
हानुसच्या वहीची दुसरी प्रत
कुठेही नाही.